एका बाजूचं कुलूप

चाचणी संपल्याच्या अकराव्या दिवशी जाईच्या रक्तातला आकडा चार पूर्णांक एक आला.

दुसरी कुठली आई असती तर तिनं देवापुढे साखर ठेवली असती. मी यंत्रातली पट्टी फेकून दिली, हात धुतले, जाईच्या टाचेतून पुन्हा एक थेंब रक्त काढलं. ती रडली. चार पूर्णांक शून्य. तिसऱ्यांदा टोचायला गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून लेकरू काढून घेतलं.

"किती टोचशील गं तिला? चांगलं आलंय न्हवं?"

"चांगलं यायला नको आहे, आई."

त्यांना काही उमगेना. त्यांची चूक नव्हती. जाईला जो आजार आहे त्यात चांगला आकडा आपोआप येत नाही. आपण डाळ, दूध, अंडं खातो, शरीर त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. त्यातला एक तुकडा, फिनाइलअ‍ॅलनीन, जाईच्या शरीराला पुढे मोडता येत नाही. तो रक्तात साठतो आणि मेंदूवर चढतो. दोन ते सहा म्हणजे ठीक. दहाच्या वर गेलं की धोका. विसाच्या वर काही महिने राहिलं तर मूल बसायचं राहतं, बोलायचं राहतं, आईला ओळखायचं राहतं. जाई आठ दिवसांची असताना हे मला कळलं आणि त्या दिवसापासून मी तिच्याकडे आई बघते तशी बघितलेलं नाही. पहारेकऱ्यासारखी बघत आले.

तीन महिन्यांची असताना ती चाचणीत गेली. राज्यभरातून आणि सीमेपलीकडून एक्केचाळीस मुलं घेतली होती. आमचं केंद्र मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. औषध म्हणजे थेंब, आणि थेंबात जिवंत यीस्ट. पाव फुगवतं तेच, पण त्याच्यात तो अडलेला तुकडा मोडणारं जनुक घातलेलं. रोज सकाळी एक मिली पोटात गेलं की यीस्ट आतड्यात बसून जाईच्या शरीराचं राहिलेलं काम करायचं. फक्त ते तिथे टिकायचं नाही. त्याला लागणारं एक पोषकद्रव्य फक्त बाटलीत मिळायचं. तीन दिवस थेंब चुकले की यीस्ट संपलं, आणि आकडा चढायला लागला. हे मुद्दाम तसं केलेलं होतं.

सहा महिने आकडा चार-पाचच्या आसपास राहिला. जाई पालथी पडली, बसली, माझं नाक ओढायला शिकली. मग थेंब बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं की हा विभाग बंद करतोय. थेंब चालत होते, याबद्दल त्यांचं दुमत नव्हतं. पण एक्केचाळीस मुलांसाठी कारखाना चालत नाही. थेंब आजपासून बंद करा, उरलेल्या बाटल्या अखेरच्या भेटीच्या दिवशी परत आणा, मुलांना पुन्हा कडक पथ्यावर आणि डबाबंद पावडरवर ठेवा.

अकरा दिवस झाले होते. आकडा दहाच्या पुढे असायला हवा होता. तो चारवर होता, म्हणजे जाईच्या पोटात कोणीतरी अजून काम करत होतं. कोण, ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी घाबरले.

मी स्वयंपाकघरात गेले. जाईच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट ओट्यावर मांडली. पावडरचा डबा, मोजायचा चमचा, उकळलेलं पाणी, साबुदाण्याची पेज, भोपळा. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"आई, थेंब तुम्ही पाजायचात ना? कसे?"

"कसे म्हंजे? तोंडात."

"ती थुंकायची ना?"

"थुंकायची की. कडू जहर ते. म्हणून मग गुटीत घालत होतो."

आमच्या सासूबाई मिरजेकडच्या जुन्या बायकांसारख्या स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात. मला त्याची सवय आहे. पण त्या दिवशी मला ते वाक्य दोनदा ऐकावं लागलं.

"गुटीत म्हणजे? उगाळून झाल्यावर वाटीत?"

"वाटीत कशाला? सहाणेवरच. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सगळं उगाळून झालं की त्यातच थेंब टाकायचा, बोटानं फिरवायचं, चाटवायचं. तुझ्या सांगण्यावरनं बदाम बंद केला मी पयल्याच दिवशी. खारकेचे मात्र चार वेढे जास्त देत होतो. गोड लागलं म्हंजे पोरगी गप गिळते."

"सहा महिने?"

"रोज."

"आणि सहाण कशानं धुता?"

"पाण्यानं. सहाणेला साबण लावत नाहीत गं, पुढच्या खेपेला पोराच्या पोटात जातो."

सहाण कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. अजून ओली. मधे खोलगट झालेल्या जागी पिवळट डाग.

चाचणीत भरती होताना फॉर्ममध्ये एक रकाना होता: बाळाला इतर कोणतं औषध देता का? मी 'नाही' लिहिलं होतं. पुढे मला कळलं, एक्केचाळीसपैकी सदतीस घरांत गुटी होती आणि एकानंही ती लिहिली नव्हती. कशी लिहिणार? औषध म्हणजे दुकानात मिळतं ते. गुटी म्हणजे आंघोळ-शेक-धुरीसारखी, बाळाच्या सकाळीचा भाग. ज्यानं फॉर्म तयार केला त्याच्या घरात बाळाची सकाळ बहुधा वेगळी उजाडत असावी.

सासूबाईंना माझ्या चेहऱ्यावरून काय कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "काय वंगाळ झालं असंल तर घासून टाकतो. सोडा घालून उकळतो," आणि सहाणेला हात घातला.

मी ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांच्या हातातून काही हिसकावण्याची ती पहिलीच वेळ.

*

आता थोडं यीस्टबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आणि मला ते सांगता येतं, कारण एम.एस्सी.ला माझा प्रबंध त्याच्यावर होता. लग्न झालं, जाई झाली, प्रबंध माळ्यावर गेला.

यीस्टची पेशी एरवी एकटीच अंकुर फुटून वाढते. पण त्यांच्यात दोन जाती असतात. नर-मादी नाही, नुसत्या दोन जाती. जवळ आल्या की एकमेकींना रसायनाची हाक देतात. हाक ऐकून गोल पेशी त्या दिशेला चोच काढते. चोचीला चोच लागते, मधली भिंत विरघळते, दोन पेशींची एक होते. आता आत दोन केंद्रकं असतात, म्हणजे जनुकांची दोन बंद गाठोडी. बारीक दोरे त्यांना एकमेकांकडे ओढून आणतात. आणि अगदी शेवटी केंद्रकांच्या आवरणावर बसलेली काही मोजकी प्रथिनं ती दोन आवरणं एकमेकांना भिडवतात, उकलतात आणि एक करतात. हे शेवटचं काम झालं नाही, तर गाठोडी शेजारी शेजारी तशीच पडून राहतात. पुढचा अंकुर फुटताना त्यातलं एकच गाठोडं त्याच्यात जातं, आणि मीलन फुकट जातं. आमचे सर वर्गात म्हणायचे, लग्न लागलं, संसार काही झाला नाही.

कंपनीचं कुलूप इथे होतं. आपलं जनुक बाहेरच्या यीस्टमध्ये पसरू नये म्हणून त्यांनी थेंबातल्या यीस्टमधून आवरणं जोडणारं एक प्रथिन काढून टाकलं होतं. बाहेरच्या यीस्टशी गाठ पडली तरी केंद्रकं एक होणार नाहीत. संमतीपत्राच्या तेविसाव्या पानावर ते मोठ्या अक्षरात होतं: दहा लाख जोड्या तपासल्या, एकातही केंद्रकं एक झाली नाहीत. खाली बारीक अक्षरात: दोन्ही पेशी कंपनीच्याच वाणाच्या.

ते पान मी तेव्हा वाचलं होतं. सगळी पानं वाचली होती, मी वाचतेच. आणि माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण याच गोष्टीवर होतं, की हे प्रथिन दोन्ही पेशींत नसेल तरच काम अडतं. एकीतच नसेल तर दुसरी पेशी आपलं घेऊन येते. भिंत विरघळल्यावर आतलं पाणी एकच. एकीचं प्रथिन दोघींचं भागवतं. दर वेळी नाही, पण पुष्कळदा.

म्हणजे कुलूप एकाच बाजूला होतं. मला ते दिसलं, आणि मी पान उलटलं. बोलले असते तर चाचणी सहा महिने लांबली असती, आणि जाईचा आकडा त्या दिवशी सतरा होता. मी सही केली.

खारीक वाळते तेव्हा तिच्या सालीवर बसलेलं रानटी यीस्ट उपासमारीत बीजाणू करून झोपतं. पाणी लागलं, गोडवा मिळाला की जागं होतं, आणि जागं झाल्या झाल्या पहिल्यांदा जोडीदार शोधतं. सहाणेवर रोज सकाळी त्याला पाणी मिळत होतं, गोडवा मिळत होता, आणि एक मिलीभर जोडीदार. दोघांचं मिळून जे होईल त्याला जनुक थेंबातलं मिळणार होतं, आणि बाटलीशिवाय जगणं खारकेकडचं.

पण हे झालं माझं तर्कट. आकडे मोजायच्या यंत्राबरोबर एक छोटी बाटली येते, यंत्र बरोबर आहे ना ते बघायला. तिच्यातल्या द्रवाचा आकडा ठरलेला, वीस. मी तीन वाट्या उकळून घेतल्या. तिन्हींत तो द्रव थोडा थोडा. पहिलीत थोडं उकळलेलं पाणी. दुसरीत तितकंच नव्या खारकेचं पाणी. तिसरीत तितकंच सहाणेचं धुवण. वर फडकं बांधून फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या दोन्ही वाट्या अठरा दाखवत होत्या, पाण्यामुळे तेवढा फरक पडणारच होता. तिसरी सहा दाखवत होती.

माझा नवरा विश्वेश बसच्या डेपोतून आला तेव्हा मी त्याला वाट्या दाखवल्या. तो तिथे बॅटऱ्या तपासतो, त्याला आकडे कळतात. तो खाली बसला आणि त्यानं तिसऱ्या वाटीवरचं फडकं बाजूला केलं.

"म्हणजे आता थेंब लागणारच नाहीत?"

"बहुतेक नाहीत."

"मग रडतेस कशाला?"

"ते काय आहे ते मला माहीत नाही, विश्वेश. थेंबातलं यीस्ट मरणारं होतं, हे जगणारं आहे. उद्या जाईला ताप आला, अंगातली ताकद कमी झाली, तर ते रक्तात उतरेल का? आतड्यात किती वाढेल? कोणी तपासलेलं नाही. मला कळवायला हवं."

"कुणाला? कंपनीला? आणि ते काय करतील, हार घालतील?" त्यानं फडकं पुन्हा वाटीवर घातलं. "ऋजुता, गप्प बसायचं. देवानं दिलंय, घ्यायचं."

"देवानं नाही. खारकेनं."

"ज्यानं दिलं त्यानं. आपलं लेकरू बरं आहे ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी आफरीनचा फोन आला. आफरीन मुल्ला, आमच्याच केंद्रातली. तिचा अरमान जाईपेक्षा तीन आठवड्यांनी मोठा. सहा महिने आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर एकमेकींचे डबे खात बसलो होतो.

"अरमानचा चौदा आला गं. काल बारा होता. पावडर तोंडात धरत नाही, दिवसभर किरकिरतो. आज मी हाक मारली तर बघितलंच नाही माझ्याकडे. मला वाटतंय की माझ्या मनाचे खेळ आहेत. जाईचा किती?"

जाई माझ्या मांडीवर बसून फोनची दोरी चावत होती.

"आमचाही चढतोय," मी म्हणाले. "अकरा."

"या अल्ला. काळजी घे गं," आफरीन म्हणाली. मला म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी जाईला सासूबाईंकडे दिलं, न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले. पहिल्यांदा पान उलटलं होतं तेव्हा निदान समोर कोणी नव्हतं.

त्याच दुपारी मी रिक्षा करून डॉक्टर हुद्दारांकडे गेले.

*

डॉक्टर तेजस्विनी हुद्दार चाचणीच्या इथल्या प्रमुख. चांगली बाई. जाईला टोचताना आधी सुई स्वतःच्या तळहातात लपवते. मी तिला वाट्यांचे आकडे दिले, सहाणेच्या धुवणाची बाटली दिली, जाईच्या शीची डबी दिली. तेविसावं पान काढून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

ती पहिल्यांदा हसली. आनंदानंच. खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली. "खारीक," म्हणाली, "आपण प्रयोगशाळेत याला तीन वर्षं घालवली असती." मग बसली, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कंपनीला कळवावं लागेल, हे तिला माझ्यानंतर अर्ध्या मिनिटानं आठवलं होतं.

पाच दिवसांनी तिचा फोन आला. दोन यीस्टचा संकर खरा होता. केंद्रकं एक झाली होती, जाईच्या पोटात आणि सहाणेवर एकच वाण होता, थेंबातल्यापेक्षा दुप्पट काम करणारा. "साध्या बुरशीविरोधी औषधानं मरतो," ती म्हणाली, "म्हणजे वेळ आली तर आवरता येईल. तुझी मोठी भीती ती होती ना." मग म्हणाली, "अखेरच्या भेटीला दोघंही या. कंपनीतून एक जण येणार आहेत."

अखेरची भेट शुक्रवारी सकाळी दहाला होती. बाहेरच्या हॉलमध्ये सगळे आले होते. आमच्या केंद्राची अकरा मुलं, त्यांचे आईबाप, कोणी जतहून, कोणी चिकोडीहून. प्रत्येकाच्या हातात थंड पिशवी, तिच्यात परत करायच्या बाटल्या. आफरीन खिडकीशी होती. अरमान तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. तिनं मला हात केला. मी मान हलवली आणि खाली बघत आत गेले.

कंपनीचे गृहस्थ दिवाण नावाचे, पन्नाशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी आधी जाईच्या गालाला बोट लावलं. मग तीन कागद मांडले.

पहिला: जाईला चौदा दिवस ते बुरशीविरोधी औषध, पोटातला वाण पूर्ण मरेपर्यंत. दुसरा: सहाण आणि तिच्या संपर्कातली सगळी भांडी नष्ट करण्यासाठी कंपनीच्या ताब्यात. तिसरा: या विषयावर कोणाशीही बोलायचं नाही.

"आणि त्याबदल्यात," दिवाण म्हणाले, "जाईसाठी जुने थेंब चालू राहतील. खास तिच्यासाठी, अठरा वर्षांची होईपर्यंत. हे आम्ही कोणासाठी करत नाही."

"बाकीच्यांसाठी?"

"एका मुलाचे थेंब प्रयोगशाळेतसुद्धा बनवता येतात. एक्केचाळिसांसाठी नाही."

"एक्केचाळिसांसाठी कारखाना लागतच नाही आता. हा वाण स्वतः जगतो. एकदा तपासून सुरक्षित ठरला की..."

"तोच तर प्रश्न आहे ना ताई. आमचं जनुक असलेली, कोणाच्याही स्वयंपाकघरात वाढणारी गोष्ट बाहेर राहू शकत नाही. सुरक्षितता तुम्हालाही समजते. तुम्ही शिकलेल्या आहात."

"हो. म्हणून तर तेविसावं पान कळलं."

डॉक्टर हुद्दार टेबलाकडे बघत होत्या. विश्वेशनं जाईला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं पेन उचललं आणि तिन्ही कागदांवर सही केली. सावकाश, नीट, पूर्ण नाव. मग पेन माझ्यापुढे ठेवलं.

"अठरा वर्षं, ऋजुता," तो हळूच म्हणाला. "मला दुसरं काही नको."

त्याचा मला राग आला नाही, हे मी इथे लिहून ठेवते. मलाही दुसरं काही नको होतं. सतराच्या आकड्याला मीही हेच केलं होतं, त्याला फक्त आज करायला मिळत होतं.

"आईवडील दोघांची सही लागते," दिवाण म्हणाले.

"मग एकच मिळाली म्हणायची."

"ताई, सही झाली नाही तर थेंबही नाहीत. आणि चाचणीचे नियम मोडून औषध दुसऱ्या पद्धतीनं दिलं गेलं, हे नोंदवावं लागेल. पावडरचा पुरवठाही त्याच नोंदीवर चालतो. विचार करा."

"केला. संमतीपत्राचं एकतिसावं पान काढता का?"

त्यांनी काढलं नाही. मला ते पाठ होतं. अनपेक्षित परिणाम दिसल्यास सहभागी व्यक्ती किंवा पालक स्वतः चाचणीवर देखरेख करणाऱ्या नैतिकता समितीकडे नोंद करू शकतात. नोंद झाल्यावर समितीचा निकाल येईपर्यंत संबंधित कोणताही नमुना नष्ट करता येणार नाही. हे कोणीतरी भल्या माणसानं लिहून ठेवलेलं असतं आणि शंभरात एखादाच तिथपर्यंत वाचतो.

"मला नोंदीचा फॉर्म हवाय, मॅडम," मी डॉक्टरांना म्हणाले.

"डॉक्टर हुद्दार," दिवाण म्हणाले. नुसतं नाव, आवाज तेवढाच मृदू.

डॉक्टर म्हणाल्या, "माझी इथली जागा जाईल, ऋजुता."

"जाईल कदाचित."

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे निष्ठुर ऐकू आलं. पण मी ते परत घेतलं नाही. बाईनं माझ्याकडे बघितलं, मग जाईकडे, मग खालचा कप्पा ओढला आणि फॉर्मचा पूर्ण गठ्ठाच काढून टेबलावर ठेवला.

मी गठ्ठा उचलला आणि दार उघडून हॉलमध्ये गेले. मागून दिवाण काहीतरी म्हणत होते. विश्वेशही म्हणाला असेल.

हॉलमध्ये बोलायचं कसं ते मला माहीत नव्हतं. मी कधी वर्गातसुद्धा हात वर केलेला नाही. माझा आवाज पहिल्या दोन वाक्यांत फाटला, लोकांना वाटलं कोणाचं तरी मूल गेलं.

"जाईचा आकडा चार आहे," मी म्हणाले. "आज सकाळी. थेंब बंद होऊन तीन आठवडे झाले तरी चार."

मग सगळं सांगितलं. गुटी, खारीक, सहाण, कुलूप. सांगलीच्या एका आजोबांनी विचारलं, मग ते आम्हाला कधी देताय. मी म्हणाले, देणार नाही. "आज नाही. ते तपासलेलं नाही, तुमच्या लेकरांवर मी प्रयोग करणार नाही. पण आत एक कागद आहे, त्याच्यावर मी सही केली तर कंपनी ते मारून टाकणार आहे. जाईच्या पोटातलं पण आणि सहाणेवरचं पण. मग तपासायलाही काही उरणार नाही. ते मी होऊ देणार नाही. मी नोंद करतेय. तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होऊ दे. जाईचं रक्त दर आठवड्याला मी स्वतः नेऊन देईन, काही वाईट निघालं तर तेही तुम्हाला इथेच येऊन सांगेन. आणि ऐका, कुलूप एका बाजूचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही. चाचणी लांबेल, माझ्या पोरीचे थेंब अडतील म्हणून."

आफरीन उठली. अरमानला खांद्यावर धरून हॉल ओलांडून माझ्यासमोर आली.

"तू मला अकरा सांगितलास."

"हो."

"मी रात्रभर तुझ्या पोरीसाठी दुआ मागितली."

"हो, आफरीन."

तिचा हात वर आला, मला वाटलं मारते. मी मागे सरकले नाही. अरमानची मान तिच्या खांद्यावरून घसरत होती, तिनं ती सावरली. त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, सांगता येत नव्हतं.

मी बाकावर बसले आणि फॉर्म भरायला घेतला. मुलाचं नाव. केंद्र. परिणाम काय दिसला. त्याच्याखाली चार ओळींची जागा होती. माझं चार ओळींत भागलं नाही, मी कागद उलटून मागे लिहायला लागले. दारात दिवाण उभे होते, फोनवर कोणाला तरी समजावत होते. विश्वेश जाईला घेऊन त्यांच्या मागे उभा होता. तो बाहेर आला नाही, पण दारही लावून घेतलं नाही.

मी सही केली. नाव, तारीख, वेळ. दहा वाजून पंचेचाळीस मिनिटं.

बाकावर माझ्या शेजारी कोणीतरी बसलं. आफरीन होती. तिनं तिची थंड पिशवी पायाशी ठेवली होती, चेन लावलेली. बाटल्या परत करायच्या खिडकीकडे ती गेली नव्हती. तिनं गठ्ठ्यातला वरचा फॉर्म ओढून घेतला आणि वाचला.

"परिणाम काय दिसला," ती मोठ्यानं म्हणाली. "थेंब बंद केले आणि आकडा चौदा झाला. हाही परिणामच आहे ना?"

"आहे."

"मग लिहायचा." तिनं अरमानला माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्याकडे न बघता. "तुझ्याशी मी नंतर बोलणार आहे. आधी पेन दे."